शेडमध्ये पाच गाड्या हव्यात, पण कोणत्या?

वाचकाचं पत्र:

ताई, माझं वय ५२. साताऱ्याला एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, घरापासून नऊ किलोमीटर. रोज जुन्या स्प्लेंडरवर जातो. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आली की तीही तीच गाडी घेऊन फिरते. यंदा एक पॉलिसी मॅच्युअर झाली. सात लाख हाताशी आहेत आणि घरामागे पत्र्याची मोठी शेड आहे. प्रत्येक कामाला वेगळी मोटारसायकल असावी, हे लहानपणापासून मनात आहे. यादी अशी: रोजची एक, हायवेला लांब जायला एक, कच्च्या रस्त्यांसाठी आणि पुढेमागे लडाखला जायला रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, पिकअपसाठी, म्हणजे झटक्यात वेग घ्यायला, केटीएम ३९० ड्यूक आणि पाचवी बाबांची १९८६ ची येझदी रोडकिंग. ती तेरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. माझी उंची पाच फूट चार इंच. बायकोचे गुडघे दुखतात, ती म्हणते एक गाडी पुरे. तिचं माहेर चिपळूण. लग्नानंतर आम्ही येझदीवरूनच जायचो, आता कारने जातो, वर्षातून चार-पाच वेळा. रविवारी सकाळी कासकडे किंवा सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत माझी एक चक्कर असतेच. या पाच गाड्यांत काही चुकतंय का?

– एक वाचक, सातारा

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाड्या मोजल्या आणि दुसऱ्यांदा रस्ते. गाड्या पाच भरल्या. रस्ते मात्र तीनच सापडले: वर्कशॉपचा, चिपळूणचा आणि रविवार सकाळचा. लडाख हा चौथा, पण तो अजून मनात आहे. पिकअपच्या गाडीला तर तुम्ही रस्ताच दिलेला नाही, नुसतं नाव लिहिलंय.

म्हणून माझं मत आधीच सांगते. तुमच्या शेडमध्ये तीन गाड्या असाव्यात. स्प्लेंडर राहू द्या. चिपळूणला दोघांनी जायला ३५० सीसीच्या आसपासची एक नवी घ्या. आणि येझदी चालती करा. हिमालयन वर्षभर थांबू शकते. ड्यूक यादीतून काढा.

गाड्या जास्त असल्या तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. पैसे तुमचे, शेड तुमची. पण उभी गाडी जागच्या जागी खराब होत असते आणि बाहेरून पाहून ते कळत नाही. आमच्या घरी एके काळी दोघांत चार मोटारसायकली होत्या. त्यांतली मोठी मी एका पावसाळ्यात चार महिने बाहेर काढलीच नव्हती. दिवाळीनंतर वरंधा घाटात नेली. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण रबर जुनं होऊन कडक झालं होतं. सावलीतल्या एका ओलसर वळणावर मागचं चाक सुटलं आणि माझं गळ्याचं हाड मोडलं. चूक सर्वस्वी माझी होती. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ते मी कधी वाचलेच नव्हते. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. तुमच्या स्प्लेंडरचे आकडे आजच वाचा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर नक्षी कितीही उरलेली असो, बदला.

टायर ही एक गोष्ट झाली. इंजिन ऑईल गाडी चालो न चालो, वर्षाला बदलावं लागतं. आताच्या बीएस सिक्स गाड्यांत बंद असतानाही थोडा करंट जात राहतो, महिना-दीड महिना हात लावला नाही की बॅटरी बसते. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, हे साताऱ्यातल्या माणसाला मी सांगायला नको. पाच विमे, पाच पीयूसी, पाच चेन. रविवार चक्कर मारण्याऐवजी चेनला तेल देण्यात जायला लागतो. तीन गाड्या एक माणूस नीट सांभाळू शकतो, आणि तुमच्या घरात तर एक तरुण मदतनीसही आहे.

रोजच्या गाडीबद्दल फार लिहीत नाही. १९९४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलेली, शंभर सीसीच्या आतली आणि ११० किलोच्या आसपासची ही गाडी नऊ किलोमीटरच्या कामाला जितकी योग्य आहे तितकी दुसरी कुठली मला तरी ठाऊक नाही. नवी रोजची गाडी घेऊ नका. हिच्यावरच सहा-सात हजार खर्च करा: दोन्ही टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच केबल आणि पुढच्या फोर्कची ऑईल सील. त्या गाडीवर तुमची मुलगी बसते, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण माझ्या लेखी ते महत्त्वाचं आहे. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी अशाच हलक्या गाडीवर शिकले. पडली तर एकटीला उचलता येते, त्यामुळे भीती जाते. तिच्या मापाचं आयएसआय मार्कचं हेल्मेट वेगळं घ्या. तुमचं तिला ढिलं होत असणार, आणि ढिलं हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही.

आता चिपळूण. तुमच्या पत्रातली खरी गाडी ही आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. शंभर-सव्वाशे किलोमीटर. सुरुवातीला रुंद हायवे, मग साधा रस्ता, शेवटी घाट. या वाटेला ताशी ऐंशीने न थरथरता चालणारी, दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन चढणीला न दमणारी आणि उतरणीला इंजिनानेच वेग धरून ठेवणारी गाडी हवी. ३५० सीसीची सिंगल सिलिंडर गाडी हे सगळं करते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक आणि मीटिऑरमध्ये एकच ३४९ सीसीचं इंजिन आहे, वीस बीएचपी ताकद आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क. बीएचपीच्या आकड्याने निराश होऊ नका. घाटात तिसऱ्या गिअरवर डबलसीट चढताना कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक ओढायचा जोर, आणि या इंजिनात तो फेऱ्या कमी असतानाच मिळतो. होंडाची सीबी ३५० हायनेस ३४८ सीसीची आहे आणि वजनाने क्लासिकपेक्षा चौदा किलो हलकी, १८१ किलो. पार्किंगमध्ये मागे ढकलताना हे चौदा किलो जाणवतात.

तुमच्या उंचीला मीटिऑरची ७६५ मिलिमीटरची सीट सगळ्यांत सोपी पडेल, दोन्ही पाय पूर्ण टेकतील. क्लासिकची ८०५ आहे, तीही जमेल. फरक बसण्याचा आहे. मीटिऑरवर पाय पुढे जातात, खड्ड्याचा दणका सरळ कंबरेत येतो आणि पायावर उठून तो झेलता येत नाही. हायवेला ही बैठक आरामाची, कुंभार्लीच्या उखडलेल्या वळणांवर क्लासिकची बरी. मला विचाराल तर मी क्लासिक घेईन, मिश्रधातूच्या चाकांची आणि ट्यूबलेस टायरची. तारांच्या चाकात ट्यूब असली की पंक्चरला चाक खोलावं लागतं, आणि कोयनानगरच्या पुढे पावसात ते काम तुम्हाला नको आहे. ट्यूबलेसला रबराची दोरी आणि छोटा पंप पुरतो, दहा मिनिटांत तुम्ही पुन्हा रस्त्यावर.

पण ही निवड मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका. वहिनींना करू द्या. मी पंधरा वर्षं मागे बसले आहे, मग पुढे आले. मागे बसणाऱ्या बाईला काय लागतं, हे शोरूममध्ये कोणी विचारत नाही. गुडघा दुखत असेल तर पहिला प्रश्न चढायचा. सीट उंच असली की पाय फेकावा लागतो आणि दुखरा गुडघा तिथेच अडतो. दुसरा प्रश्न मागच्या फूटरेस्टचा: तो वर असला की गुडघा सगळा वेळ दुमडलेला राहतो, आणि चाळीस किलोमीटरनंतर उतरता येत नाही. तिसरा, पाठीला आधार आहे का. मीटिऑरच्या काही मॉडेलना मागे टेकण मिळतं, क्लासिकला ते वेगळं बसवून घेता येतं. आणि हाताला धरायला काय आहे, तेही पाहा.

शोरूमच्या गल्लीतली चक्कर या कामाची नाही. दोघांनी मिळून निदान तासभर चालवा, शक्यतो यवतेश्वरचा घाट चढून उतरून या. शोरूम एवढा वेळ देत नसेल तर एका दिवसासाठी भाड्याने घ्या किंवा मित्राची मागा. परत आल्यावर आधी वहिनींना बोलू द्या. त्यांनी जिला हो म्हटलं ती गाडी वर्षाला चार वेळा चिपळूणला जाईल. त्यांनी नाही म्हटलेली गाडी, मग ती कितीही देखणी असो, शेडमध्येच राहील. ‘एक पुरे’ असं त्या म्हणतात, त्यात मला नकार ऐकू येत नाही. ती एक त्यांना बसता येण्यासारखी असावी, एवढंच त्या मागत असाव्यात.

घेतल्यावर लगेच करायच्या दोन गोष्टी. डबलसीट निघताना मागच्या टायरची हवा वाढवा आणि मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा. हवेचा आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. आणि हेल्मेट मागच्यालाही कायद्याने लागतं, पण कायदा राहू द्या, घाटात पडताना मागे बसणारा जास्त लांब फेकला जातो.

सात लाखांचं गणित इथे थोडं बदलतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. तुमच्या यादीतल्या हिमालयन आणि ड्यूक या दोन्ही वरच्या पट्टीत येतात. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो, तोही मोठ्या इंजिनाला जास्त. जी गाडी वर्षातून पंधरा दिवस चालेल तिच्यावर हा कर भरणं मला पटत नाही.

हिमालयनबद्दल माझ्या मनात आदर आहे. ४५२ सीसी, ४० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) आणि पुढचं २१ इंची चाक, जे खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून जातं. पण सीट ८२५ मिलिमीटर आणि भरलेल्या टाकीसह वजन १९६ किलो. पाच फूट चार इंचाच्या माणसाला सपाटीवर हे चालून जातं. बामणोलीकडे उतरताना खडीवर थांबावं लागलं, उताराच्या बाजूचा पाय टेकायला गेलात आणि जमीन चार बोटं खाली निघाली, की १९६ किलो तुमच्या अंगावर येतात. मागे वहिनी असतील तर विचारच नको. वर्षभराने कच्च्या रस्त्यांची ओढ कायम राहिली, तर एकट्याने फिरायला सेकंडहँड हिरो एक्सपल्स २०० पाहा. सीट तिचीही उंचच आहे, पण वजन १६० किलोच्या आत. पडली तरी उचलाल.

आणि लडाख. जरूर जा, पण त्यासाठी गाडी विकत घेऊ नका. साताऱ्याहून लेहपर्यंत जाऊन यायचं म्हणजे सुट्टीचे बरेचसे दिवस राजस्थान, पंजाबच्या हायवेवरच जातात. लेहमध्ये गाड्या भाड्याने मिळतात आणि तिथल्या तिथेच घ्याव्यात, कारण लडाखबाहेरून भाड्याने आणलेली गाडी तिथले लोक स्थानिक फिरायला चालवू देत नाहीत. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणून तिथे मोठं इंजिन घेणं शहाणपणाचं. ते आठ-दहा दिवस भाड्याने घ्या. लेह ३,५०० मीटरवर आहे. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस गाडीला हात लावू नका, शरीराला हवेची सवय होऊ द्या.

ड्यूकचं थोडक्यात. ३९९ सीसी, ४६ पीएस, आपल्याच चाकणला बनणारी फार चांगली गाडी. तिची खरी ताकद वापरायला सातारा परिसरात एकही सुरक्षित रस्ता नाही. कासच्या रस्त्यावर गुरं असतात, फुलांच्या दिवसांत पायी चालणारे पर्यटक असतात. वेगाची हौस खरी असेल तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चालणाऱ्या प्रशिक्षणाला दोन दिवस जाऊन या. वळणात गाडी कशी झुकवायची आणि ब्रेक कुठे सोडायचा हे तिथे जे कळतं, ते कुंभार्लीतही कामाला येतं.

उरली येझदी. तुम्ही ती पाचवी लिहिलीत. मी पहिली लिहिली असती. बाकीच्या चार पैसे दिले की पुढच्या वर्षीही मिळतील. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आणि २०२२ पासून मिळणारी नवी येझदी ही पाण्याने थंड होणारी फोरस्ट्रोक, पूर्ण वेगळी गाडी आहे. गिअरचाच लिव्हर आत दाबून वर फिरवला की किक होते, हे तुमच्या मुलीला दाखवायचं असेल तर तुमच्या शेडमधलीच लागेल. शिवाय ही गाडी जाणणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. वाट पाहू नका.

आधी कागद. आरसी अजून बाबांच्या नावावर असेल तर विमा आणि पुढचं सगळंच अडेल. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओचा फॉर्म ३१ असतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि मूळ आरसी लागते. मुदत तीन महिन्यांची होती, ती गेली, उशिराचं शुल्क भरा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी दाखवून, आणि सोबत पर्यावरण कर. तेरा वर्षं उभी म्हणजे हे निदान दोनदा चुकलेलं असणार, एखाद्या जाणत्या एजंटाकडून थकबाकीचा अंदाज घ्या. व्हिंटेजची वेगळी नोंदणी पन्नास वर्षांपुढच्या गाडीला मिळते आणि ती रोज चालवता येत नाही, म्हणजे तो मार्ग तुम्हाला नको.

मिस्त्रीकडे गेल्यावर रंगाचा विषय काढू नका. सगळे तिथूनच सुरू करतात आणि पैसे क्रोमवर संपतात. बाबांच्या हाताने घासला गेलेला टाकीवरचा रंग पुन्हा मिळणार नाही. पैसा घाला क्रँकच्या ऑईल सीलमध्ये, बेअरिंगमध्ये, ब्रेक शूमध्ये आणि वायरिंगमध्ये. येझदीच्या टूस्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे पिस्टनखालच्या डब्यातूनच, वर जातं. एका बाजूची सील वाळली असेल तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतच अडकून बसतो. क्लचच्या बाजूची गेली तर गिअरबॉक्सचं ऑईल ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबत नाही. पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरची रबरं नवी टाका, कारण आताच्या पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणीही ओढून घेतं. म्हणून आठवडाभर चालवणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

आणि एक गोष्ट, जी कदाचित बाबांनी तुम्हाला सांगितली असेल. येझदीला ऑईल पेट्रोलमधूनच मिळतं, लिटरमागे ३० ते ४० मिली जे मिसळाल तेवढंच. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडली की पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑईलही जात नाही, आणि इंजिन मात्र फिरत असतं. पिस्टन तिथेच धरतो. शिवाय टूस्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक फोरस्ट्रोकसारखा लागत नाही, सगळा भार ड्रमवर येतो. उतारावर मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्या आणि वेग आधीपासूनच कमी ठेवा. म्हणून कुंभार्लीत ही गाडी आता नको. हिचा रस्ता रविवारचा: गावातून सज्जनगडाचा पायथा आणि परत.

खर्चाची विभागणी साधी ठेवा. ३५० सीसीच्या गाडीसाठी आणि येझदीसाठी लागतील तेवढे बाजूला काढा, पन्नास हजार तिघांच्या हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि बुटांना. उरलेले एफडीत ठेवा. शेडच्या दाराला एक वही टांगा आणि कोणती गाडी कधी, कुठे, किती किलोमीटर गेली ते वर्षभर लिहा. मुलीलाही लिहायला सांगा. पुढच्या वर्षी चौथी गाडी घ्यावीशी वाटली तर ती वही मला पाठवा, मग हिमालयनवर पुन्हा बोलू.

मुलगी या सुट्टीला घरी आली की दोघांनी मिळून येझदी उजेडात काढा. किक मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल एका डब्यात ओता आणि टॉर्च लावून आत गंज किती आहे ते बघा. प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे टूटी, म्हणजे टूस्ट्रोकचं, ऑईल सोडा, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्लग न लावता किकचा लिव्हर हाताने हळूहळू खाली दाबा, जोर करू नका. इंजिन मोकळं असेल तर प्लगच्या भोकातून हवेचा सुस्कारा ऐकू येईल. आला की मला कळवा, आणि नाही आला तरी कळवा.